ओसरी ४ फुटांची ठेवावी का ८? भूगावच्या प्लॅनसाठी सल्ला हवाय

भूगावकर_होणार

नमस्कार मंडळी. भूगावला ४० बाय ६०चा प्लॉट आहे, रस्ता पश्चिमेला, सध्या कोथरूडला दोन बीएचकेमध्ये आई-बाबा, मी, बायको आणि लेक असे पाच जण राहतोय. आर्किटेक्टकडून पहिला प्लॅन आलाय. समोर पूर्ण दर्शनी भागाला पोर्च आहे, २२ फूट लांब आणि ४ फूट पुढे, त्याच्या मागे हॉल २२ बाय १६, त्यातच डायनिंग. थ्रीडीत एकदम झकास दिसतंय, दोन वेताच्या खुर्च्या, कुंड्या, पायरीवर एक कुत्रापण बसवलाय (आमच्याकडे कुत्रा नाहीये).

आता गंमत अशी की बाबांचं घराबद्दल एकच मागणं आहे, ओसरीत झोपाळा पाहिजे. मी आर्किटेक्टला विचारलं तर ते म्हणाले बसेल की, पण कसा बसेल ते काही नीट सांगितलं नाही, आणि एरिया वाढवायचा नाही हे मीच आधी बजावून ठेवलंय कारण बजेट आधीच ताणलेलं आहे. ४ फुटांत झोपाळा होतो का? नुसत्या खुर्च्या तरी नीट मावतात का? आणि कारसाठी शेड वेगळी करावी का हेच पोर्च पुढे वाढवावं? बाकी खोल्यांची मापं बघताना काय तपासायचं तेही कोणी सांगितलं तर बरं होईल, मला कागदावर १० बाय १२ वाचून काही म्हणजे काही कळत नाही.

साइटवरचा_माणूस

४ फुटाचं पोर्च म्हणजे दाराचं कुलूप उघडेपर्यंत डोक्यावर पाऊस पडू नये एवढ्यापुरतं. बसायला नाही.

खुर्ची घ्या आणि टेप लावा. साधी प्लास्टिकची खुर्ची पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत २ फूट धरा, माणूस बसला की गुडघे आणि पावलं धरून साडेतीन फूट गेले, म्हणजे तुमच्या ४ फुटात बसलेल्या माणसापुढे ६ इंच उरले. कोणी आत जायला निघालं की बसलेल्यानं पाय आखडायचे. वर भिंतीचं प्लास्टर आणि समोर रेलिंग असेल तर ते पण ह्यातूनच जाणार, कारण ड्रॉइंगवर बऱ्याचदा विटेचं माप असतं, प्लास्टर झाल्यावरचं नसतं. खुर्ची अधिक पुढून एक माणूस आरामात जाईल एवढं पाहिजे तर कमीत कमी ६ फूट. समोरासमोर बसून मध्ये चहाचं टेबल ठेवायचं असेल तर ८. सहाजणांचं जेवणाचं टेबल बाहेर टाकायचं असेल तर १०, पण ते पुण्यात दोन महिने वापराल, बाकी वेळ धूळ पुसाल.

आता मुद्द्याचं. २२ गुणिले ४ म्हणजे ८८ स्क्वेअर फूट. ११ गुणिले ८ म्हणजे पण ८८च. एरिया वाढवायची गरजच नाही, पोर्च अर्ध्या लांबीचं करा आणि दुप्पट आत घ्या. डाव्या अर्ध्या भागात पोर्च ८ फूट होईल, म्हणजे हॉलमध्ये ४ फूट घुसेल, आणि उजव्या अर्ध्या भागात हॉल ४ फूट पुढे रस्त्याच्या बाजूला येईल. हॉल एल आकाराचा होतो, एक पाय ११ बाय २० आणि पोर्चच्या मागचा ११ बाय १२. बेरीज मारा, ३५२ आहे, आधी पण ३५२च होता (मधल्या भिंतीची जाडी सोडून देतोय). त्या ११ बाय १२ मध्ये डायनिंग बसतं. ५ बाय ३ चं टेबल, खुर्ची मागे ओढून उठायला चारी बाजूंनी ३ फूट, म्हणजे ११ बाय ९. उरलेले ३ फूट जायला यायला. २२ बाय १६ च्या एकाच मैदानात सोफा आणि डायनिंग ठेवून मध्ये जी कोणाच्याच कामाची नसलेली जागा उरते ती पण जाते.

पण हे आत्ताच करा, कॉलमचे खड्डे खोदल्यावर नको.

तिरकस_सदाशिव

८८ फूट, ८८ फूट करताय पण शेवटी तिथं काय येणार ते मी सांगतो. चपलांचं कपाट, सव्वा फूट खोल. लेकीची सायकल. पाण्याचे रिकामे जार. गणपतीचं मखर, जे "पुढच्या वर्षी वापरू" म्हणून ठेवलेलं असतं. कुरिअरचे खोके. बाबांचा झोपाळा ह्या सगळ्यांच्या मागे. आमच्या ओळखीतल्या प्रत्येक बंगल्यात हेच बघितलंय, घर कितीचं का असेना.

तेव्हा आधी चपलांना आणि सायकलला दुसरी जागा द्या, मग खुर्च्या मोजा. जिन्याखाली द्या, बाजूच्या मार्जिनमध्ये (घराभोवती नियमानं मोकळी सोडतात ती जागा) द्या, पण द्या.

कर्वेनगरची_काकू

अरे, वरच्यांनी सायकलीचं अगदी बरोबर सांगितलं. पण झोपाळ्याचं कोणीच नीट बोलेना म्हणून लिहिते, आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून आहे.

पाट ५ फूट लांब आणि २ फूट रुंद असला की दोन माणसं ऐसपैस बसतात आणि एकाला दुपारी पाय दुमडून आडवं होता येतं. साडेचार फुटाचा घेऊ नकोस, आडवं होता येत नाही आणि मग त्यावर वाळलेले कपडे पडतात. पाटाची उंची जमिनीपासून १७-१८ इंच, पण गादी धरून हं, आणि तुझ्या बाबांना बसवून बघ, त्यांची पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. टेकली नाहीत तर म्हातारं माणूस उतरताना पुढे जातं, झोपाळा मागून गुडघ्यात येतो.

आता जागा. कड्या ७ फुटांच्या असल्या तर नुसता हलका झोका घेतला तरी पाट मागे अडीच आणि पुढे अडीच फूट जातो. २ फूट पाट, म्हणजे ७ फूट झाले, आणि पुढे पाय लांब केलेले असतात ते वेगळे. ४ फुटात झोपाळा लावणार म्हणजे मागे भिंत आणि पुढे कुंडी फुटणार. ८ फुटात बसतो, पण दारासमोर लावू नका, मुलं झोके घेत असली की घरात जाणाऱ्याला वाट बघत उभं राहावं लागतं. दार एका टोकाला आणि झोपाळा दुसऱ्या टोकाला असं करा. ११ फुटात होईल. भिंतीला समांतर लावलास तर रस्ता दिसतो, आडवा लावलास तर दार दिसतं आणि येणाऱ्या जाणाऱ्याशी बोलता येतं. आमचा आडवा आहे. सासरे म्हणायचे रस्त्यावर बघण्यासारखं काय आहे.

आणखी एक, बाहेरच्या कडेला रेलिंगच्या ऐवजी कट्टा बांधून घे. दीड फूट उंच, सव्वा ते दीड फूट रुंद, वर कडाप्पा किंवा कोटा, कडा गोल केलेल्या. चार खुर्च्यांचं काम तो एकटा करतो, हळदीकुंकवाला दहा बायका आल्या तरी ओसरीत मावतात, आणि एरवी त्यावर पापड, मिरच्या, पेपर सगळं. कट्टा असला की खुर्च्या दोनच पुरतात म्हणून जागा मोकळी राहते. ग्लासची रेलिंग मात्र घेऊ नकोस बाबा, रोज कोण पुसणार.

भूगावकर_होणार

काकू खूप खूप धन्यवाद, बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले ह्या बाईंना प्लॅन काढायला सांग.

८ बाय ११ चं गणित मला पटलं पण एक शंका आहे, पोर्च पश्चिमेला आहे. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी तिथं बसवेल का? आणि ८ फूट आत घेतलं तर मागचं डायनिंग अंधारं नाही का होणार? भूगावला पाऊसपण शहरापेक्षा जास्त असतो, तोही पश्चिमेकडूनच येतो.

वास्तुप्रेमी_पुणे

झोपाळा वायव्येला ठेवा, हलत्या वस्तू वायव्येला चालतात. ईशान्य कोपरा कापू नका. बाकी लोकांनी सांगितलेलं बरोबर आहे.

रेघोट्या

मी ह्याच धंद्यातला आहे त्यामुळे तुमच्या आर्किटेक्टची बाजू थोडी घेतो, क्लायंटनं "एरिया वाढवू नका, एलिव्हेशन भारी दिसू दे" म्हटलं की असंच लांबट पट्टीचं पोर्च निघतं. दर्शनी भाग रुंद दिसतो, थ्रीडीत खुर्च्या पण छोट्या टाकता येतात. २०२०च्या युडीसीपीआरपासून (राज्याची बांधकाम नियमावली) बाल्कनी वगैरे पी-लाइनच्या (बांधकामाची बाहेरची रेघ, जिच्या आतला एरिया मोजतात) आत धरतात त्यामुळे प्रत्येक जण फूट-फूट वाचवायला बघतो. त्यांना साइटवरच्या माणसाचं हे ११ बाय ८ दाखवा, मला वाटतं ते नाही म्हणणार नाहीत, कारण स्ट्रक्चरलाही ते सोपं आहे. आत्ता दर्शनी बाजूला मध्ये कॉलम नसलेला २२ फुटाचा मोकळा गाळा असेल तर बीम पावणेदोन-दोन फूट खोल जाईल. मध्ये ११ फुटांवर कॉलम आला की बीम फूटभरात आटोपतं.

आता पश्चिमेचं ऊन. ह्यात लोकांचा एक गैरसमज असतो की पोर्च अजून खोल केलं की ऊन येणार नाही. दक्षिणेला हे चालतं, पुण्यात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य साधारण ४८ अंशावर असतो, म्हणजे ९ फूट उंचीच्या छताखाली ऊन ८ फूट आत येतं आणि बरोबर भिंतीच्या पायाशी थांबतं, थंडीत पायावर ऊन, आणि मेच्या मध्यावर सूर्य डोक्यावर आला की सगळी सावली. पश्चिमेला सूर्य समोरून खाली खाली येत जातो. मे महिन्यात संध्याकाळी पाचला तो २७ अंशाच्या आसपास असतो. तुमचं छत ९ फुटांवर आणि पोर्च ८ फूट धरलं तर मागच्या भिंतीवर ऊन ५ फुटांपर्यंत चढतं, म्हणजे खुर्चीत बसलेल्याच्या थेट तोंडावर. ८ चे १० फूट केले तरी ४ फुटांपर्यंत येतंच.

छत खोल करण्यापेक्षा त्याची कड खाली आणा. स्लॅब ९ फुटांवर राहू दे, त्याच्या पुढे २ फुटांची उतरती कौलं लावा आणि कौलांची कड ७ फुटांवर येऊ द्या. तेच पाचचं ऊन आता भिंतीवर २ फुटांच्या आतच राहतं. जुन्या घरांच्या पडव्या वाकून जाव्या लागतील इतक्या खाली उतरलेल्या असायच्या त्याचं हेच कारण, ऊन आणि तिरपा पाऊस दोन्ही अडतात. आपल्याला वाकायची गरज नाही, ७ फूट पुरतात. सहानंतरचं ऊन मात्र त्याच्याही खालून येणार, त्याला बांबूचे चिक किंवा वाळ्याचे पडदे सोडायचे, नाहीतर कुंपणाशी झाड. आणि हो, वळवाचा पाऊस बऱ्याचदा पूर्वेकडून येतो, त्यावेळी तुमचं पश्चिमेचं पोर्च कोरडं राहील आणि मागचं वॉशिंग भिजेल.

अंधाराबद्दल: होणार. ८ फूट पोर्चच्या मागची खोली फक्त पोर्चच्याच खिडकीवर ठेवली तर दिवसा लाइट लावावा लागेल. म्हणून डायनिंगला बाजूच्या मार्जिनकडून दुसरी खिडकी पाहिजेच, ४ फुटाची तरी. पश्चिमेची भिंत सावलीत असणं हे तसं वाईट नाही, एप्रिलमध्ये ती भिंत तापली की रात्री अकरापर्यंत हॉलमध्ये गरम राहतं.

फ्लोअरिंगला उतार विसरू नका, १०० ला १, म्हणजे ८ फुटात साधारण १ इंच, आणि हॉलपेक्षा पोर्चची लेव्हल दीड-दोन इंच खाली. हॉलच्याच लेव्हलला सलग चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल नेली की पहिल्या पावसात पाणी सोफ्याखाली आणि आजोबा जमिनीवर. रफ शहाबादी किंवा लेदर फिनिश कोटा घ्या.

पण सगळ्यात आधी बाबांना विचारा की ते किती वाजता बसणार आहेत. हे कोणी विचारतच नाही.

भूगावकर_होणार

विचारलं. सकाळी पेपर आला की साडेसात ते नऊ, आणि संध्याकाळी फिरून आल्यावर, म्हणजे साडेसहानंतर. दुपारी ते आतच असतात. म्हणजे सकाळी पश्चिमेला सावलीच, उलट पूर्वेला ओसरी केली असती तर पेपर वाचताना डोळ्यावर ऊन आलं असतं. संध्याकाळसाठी चिक. हे मला सुचलंच नसतं.

कारचं आणि बाकी खोल्यांचं पण सांगा ना कोणीतरी.

साइटवरचा_माणूस

कार पोर्चमध्ये मिसळू नका, बसायच्या जागेत सायलेन्सरचा वास येतो आणि गाडी बाहेर गेली की ते नुसतं ऑइलचे डाग पडलेलं अंगण. बाजूला वेगळी हलकी शेड करा, ती मार्जिनमध्ये चालते का नाही ते आर्किटेक्टला मंजुरीच्या नकाशावर दाखवायला सांगा, तोंडी नको. नियमातला पार्किंगचा चौकोन अडीच मीटर बाय पाच मीटर असतो, म्हणजे ८ फूट २ इंच बाय १६ फूट ५ इंच. त्यात गाडी उभी राहते, पण दोन्ही बाजूंना भिंत असेल तर आईला उतरता येणार नाही. १० बाय १८ धरा, दोन्ही दारं पूर्ण उघडायची तर रुंदी ११-१२. छोटी हॅचबॅक ४ मीटरच्या आत असते पण उद्या मोठी घेणारच की.

बाकी मापं. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये राहायच्या एका तरी खोलीला कमीत कमी ९.५ चौरस मीटर आणि रुंदी २.४ मीटर आहे, फुटात १०२ स्क्वेअर फूट आणि पावणेआठच्या थोडं वर. हे किमान आहे, सुखाशी त्याचा संबंध नाही. बेडरूम बघताना बेड ६ बाय साडेसहा, दोन्ही बाजूंना २ फूट तरी, वॉर्डरोब २ फूट खोल आणि त्याच्यापुढे ३ फूट, नाहीतर दार बेडला आपटतं. साडेसहा अधिक ३ अधिक २ म्हणजे साडेअकरा, म्हणून बेडच्या पायथ्याशी वॉर्डरोब असेल तर १२ फूट लागतातच, आणि ते प्लास्टर झाल्यावरचे १२. किचनमध्ये समोरासमोर ओटे असतील तर मध्ये ४ फूट, एक बाई वाकून ओव्हन उघडते आणि दुसरी मागून जाते. ओट्याची उंची सगळीकडे ३२-३३ करून टाकतात, तसं करू नका, जे रोज स्वयंपाक करणार त्यांचं कोपर मोजा आणि त्यातून ४ इंच वजा करा. पॅसेज ३ फूट चालतो, साडेतीन बरा, कपाट हलवताना कळतं.

कागदावर कळत नसेल तर सोपा उपाय, बिल्डिंगच्या गच्चीवर फक्की (आखणीची पांढरी पूड) मारा, खऱ्या मापाचा पोर्च आणि डायनिंग आखा, घरातल्या खुर्च्या वर न्या आणि सगळे जण बसा.

भूगावकर_होणार

फक्कीऐवजी रांगोळीनं आखलं, सोसायटीच्या गच्चीवर, सेक्रेटरी येऊन विचारून गेले कसला कार्यक्रम आहे म्हणून. आधी २२ बाय ४ आखलं. आई खुर्चीत बसली आणि लेक समोरून पळत गेली ती आईच्या पायात अडकलीच. बाबा काही बोलले नाहीत, नुसते रेषेबाहेर गेलेली स्वतःची पावलं बघत बसले. मग ८ बाय ११, त्यात जुना दिवाण ५ बाय २ मध्ये झोपाळा म्हणून टाकला, दोन खुर्च्या, कडेला दीड फूट कट्ट्याची रेघ. कट्टा आतून धरला तर ८ चे साडेसहाच उरतात हे तिथंच कळलं, म्हणून आता कट्टा ८ फुटांच्या बाहेर, कौलांखाली घेऊ असं ठरतंय. बायकोचं म्हणणं ११ चे १२ करावेत, डायनिंगपण १२ होईल. आर्किटेक्टकडे शनिवारी जातोय.

शेवटचा प्रश्न, झोपाळ्याचे हूक नंतर ड्रिल करून बसवले तर चालतात का? बाबांना भिंतीला समांतरच पाहिजे, रस्ता बघायचाय त्यांना (काकू सॉरी).

कर्वेनगरची_काकू

बघू देत रे, आता भूगावच्या रस्त्यावरपण बघण्यासारखं ट्रॅफिक झालंय.

रेघोट्या

कट्टा बाहेर घेताय तर तो मार्जिनमध्ये जाणार नाही ना ते नकाशात आधी तपासा. कौलांची २ फुटाची पट्टी छज्ज्यासारखी चालून जाते, बांधीव कट्ट्याचं तसं नाही.

साइटवरचा_माणूस

नंतर ड्रिल नको. स्लॅब भरायच्या आधी हूक सळईत अडकवून ठेवायचे, आणि नुसत्या स्लॅबला नाही, बीमला. दोन मोठी माणसं आणि एक मूल म्हणजे दीड-दोनशे किलो, तेही हलतं वजन. समांतर लावणार असाल तर हूक भिंतीपासून ४ फुटांवर, पोर्चच्या बरोबर मध्यावर येतात आणि तिथं एरवी बीम नसतंच, म्हणून स्ट्रक्चरलवाल्यांना आत्ताच सांगा की मध्ये भिंतीला समांतर एक बीम पाहिजे आणि हूक ड्रॉइंगमध्ये दाखवा, सळईचा डाया (जाडी) तेच देतील. दोन हुकांमधलं अंतर पाटाच्या लांबीपेक्षा थोडं कमी, ५ फुटाच्या पाटाला साडेचार. हूक गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस घ्या, पावसाळी हवेत साधं लोखंड गंजतं आणि पांढऱ्या छतावर तांबडा ओघळ येतो. काँक्रीट भरायच्या दिवशी स्वतः साइटवर उभे राहा, हूक शटरिंगच्या खाली मोकळे लोंबतायत ना ते बघा, गडबडीत ते काँक्रीटमध्ये गडप होतात आणि मग परत ड्रिलच.